देवांचे टेबल

सकाळचा उजेड पेणच्या बसस्थानकात पश्चिमेकडून येतो. हे विधान भूगोलाला धरून नाही, याची मला जाणीव आहे. पण पूर्वेला आगाराची उंच भिंत आहे आणि भिंतीमागे पिंपळ आहे. त्यामुळे सूर्य उगवतो तो आधी रस्त्यापलीकडच्या तीनमजली इमारतीसाठी. तिच्या गच्चीवरची पाण्याची काळी टाकी प्रथम एका कडेने उजळते. मग वरच्या मजल्याच्या काचा उजळतात. त्या काचांना लागून परतलेला उजेड रस्ता ओलांडतो आणि कुणाचेही लक्ष नसताना स्थानकाच्या पत्र्याखाली येऊन उभा राहतो. त्याला रंग असा नसतो. निवलेल्या पेजेवर साय धरावी, तेवढाच तो दाट असतो. पहिल्यांदा तो चौथ्या फलाटाच्या आकड्यावर पडतो, मग तिसऱ्या. रात्रीच्या पावसाचे पाणी खड्ड्यात साचलेले असते, त्यावर डिझेलचा तवंग असतो, आणि त्या तवंगात काही क्षण मोरपिसाचे सगळे रंग जमतात. एखादी गाडी मागे येते, चाक खड्ड्यात उतरते आणि रंग मोडतात. बाकावर झोपलेला माणूस कूस बदलतो. वाहक तिकिटाचे यंत्र सुरू करून त्याच्या पडद्याकडे, आरशात पाहावे तसा, पाहतो. वेळापत्रकाच्या फळ्यावर उजेड वरून खाली वाचत येतो: अलिबाग, पनवेल, रोहा, जोहे, शिर्की. सहा वाजून पन्नास मिनिटांनी तो चौकशीच्या खिडकीतून आत शिरतो आणि माझ्या हातांवर थांबतो. तेथे त्याने थांबावे असे त्या हातांत काही नाही. तरी तो थांबतो, आणि मी ध्वनिक्षेपकाचे बटण दाबतो.

मी दोन वर्षे या खिडकीत बसतो. माणसांशी समोरासमोर बोलताना मी अडखळतो; ध्वनिक्षेपकावर अडखळत नाही. दिवसभरात काही हजार माणसे माझा आवाज ऐकतात आणि त्यांतल्या एकालाही तो आठवत नाही. माझ्या स्वभावाच्या माणसाला याहून अनुकूल नोकरी मिळणे कठीण होते.

माझे घर जोह्याला. आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. माझे वडील, सखा आण्णा, चाळीस वर्षे मूर्तींचे डोळे आखतात. मूर्ती साच्यातून कुणीही काढतो, रंग पुष्कळांना देता येतो, पण डोळे आखणारा हात कारखान्यात एकच असतो, आणि गिऱ्हाईक कारखान्यात येते ते त्या हातासाठी. आण्णांच्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. पहिले ऑपरेशन दिवाळीनंतर ठरले आहे. श्रावणातल्या एका रविवारी ते मला म्हणाले, "एक काढून बघ. जमला तर पुढच्या साली खिडकी सोड." मी एका दीड फुटी मूर्तीचे डोळे काढले. आण्णांनी ती हातात घेतली, खिडकीकडे धरली आणि म्हणाले, "ठेव वाळत." याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला. सोमवारी कामावर आल्यावर मी नोकरीचा राजीनामा सुवाच्य अक्षरांत लिहिला, तारखेची जागा मोकळी ठेवली आणि कागद टेबलाच्या खणात घातला.

आता टेबलांविषयी. आमच्या स्थानकात दोन टेबले आहेत. एक माझे. दुसरे खिडकीबाहेर, भिंतीला लागून असते आणि वर्षभर त्यावर पार्सलांची पोती, विसरलेल्या छत्र्या आणि कुणाचा तरी एक डावा बूट असतो. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मात्र ते धुऊन त्यावर पांढरी चादर घातली जाते, आणि त्याला देवांचे टेबल म्हणतात. जोहे, हमरापूर या बाजूच्या गाड्यांतून माणसे मूर्ती मांडीवर घेऊन पेणला उतरतात आणि येथून आपापल्या गावची गाडी धरतात. मधला वेळ देव कुठे ठेवायचा, हा प्रश्न असतो. बाकावर ठेवला तर कुणी शेजारी बसून तंबाखू मळते. जमिनीवर ठेवता येत नाही. म्हणून टेबल.

ही पद्धत कधी सुरू झाली याबद्दल तीन मते आहेत. स्थानक कधी बांधले याबद्दलही तीनच आहेत. आमच्या वाहतूक नियंत्रक साहेबांनी मला गेल्या वर्षी स्थानकाचा दहा ओळींचा इतिहास लिहायला सांगितला होता, भिंतीवर चौकटीत लावण्यासाठी. उपाहारगृहाचे मालक म्हणाले, त्यांच्या वडिलांनी कपबश्या आणल्या तेव्हा छप्पर नव्हते. वर्तमानपत्रे विकणारे म्हातारे म्हणाले, छप्पर होते, कपबश्या नव्हत्या. आगारातले निवृत्त मेकॅनिक म्हणाले की आधी येथे मिठागरांच्या बैलगाड्या थांबत, मग लाकडी चाकांचे रबर झाले, एवढाच काय तो इतिहास. मी तिन्ही मते दहा ओळींत बसवली. चौकट अजून आलेली नाही. पण टेबलाबाबत एका गोष्टीवर सर्वांचे एकमत होते: देवाला पावती द्यायची नाही. पार्सलाला पावती असते, सायकलला असते. देव म्हणजे सामान नव्हे. त्याला आकडा चिकटवायचा नाही, कुणाचा म्हणून नाव विचारायचे नाही, आणि तोंडावरचा रुमाल तर घरच्या मखरापर्यंत कुणीही उचलायचा नाही. ज्याने ठेवला तो घेऊन जातो. आजवर चूक झाली नव्हती.

हरतालिकेच्या दिवशी सकाळी सातच्या जोहे गाडीतून दोन मूर्ती उतरल्या. दोन्ही आमच्या कारखान्यातल्या, दोन्ही दीड फुटी, दोघींच्या तोंडावर आण्णा देतात तोच लाल रुमाल. एक आणली होती शिर्कीच्या सगुणाबाईंनी. त्यांचे यजमान जगन पाटील खारजमिनीच्या बांधावर घसरून पाय प्लास्टरमध्ये घालून बसले होते, म्हणून मूर्ती न्यायला त्या स्वतः आल्या होत्या. यजमानांची पांढरी टोपी त्यांनी पदरावर घातली होती. कुणी बघितले की त्या सांगत, "टोपी त्यांची, हात माझं." दुसरी मूर्ती आणली होती एका उंच, वाकलेल्या म्हाताऱ्याने. त्याने मूर्ती टेबलावर ठेवली, माझ्याकडे रोह्याची गाडी विचारली आणि मी फलाट क्रमांक दोन म्हणालो. सात वीसला गाडी सुटली. सात वाजून चाळीस मिनिटांनी सगुणाबाई खिडकीशी आल्या.

"ये बाला, ह्यो माझा नाय."

"कोण?"

"देव. टेबलावरचा. माझा नाय ह्यो."

मी त्यांना नम्रपणे विचारले की रुमाल न उचलता हे त्यांना कसे समजले.

"मागं चिठ्ठी हाय. मना वाचता येतं. चौथीपर्यंत गेलेय."

आमच्या कारखान्यात पाटाच्या मागे गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवतात. मी बाहेर जाऊन पाहिली. आण्णांचे अक्षर होते: केरू धनावडे, अष्टमी, रोहा. अष्टमी हे रोह्याला लागून असलेले गाव. आणि पाटाच्या कोपऱ्यावर रंगाचा एक ओघळ होता, जो मी श्रावणात अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला होता. म्हणजे ही ती मूर्ती होती. माझी. मी चादरीची सुरकुती सारखी केली.

"ते आजोबा चुकून तुमची घेऊन गेले," मी म्हणालो.

"चुकून?" सगुणाबाई म्हणाल्या. "मी नळावर हात धुवत होते. तितून बघत होते मी. त्यानं दोन्ही देव फिरवून बघितलं. मग माझा उचलला. मना वाटलं, चिठ्ठी बघून आपलाच घेतला."

"वय झालं आहे. अक्षर नीट लागलं नसेल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू सखा आण्णाचा पोर ना रं?"

"हो."

"मी तीनदा आले तुमच्या कारखान्यात. माझ्या देवाचं डोलं आण्णानं माझ्यासमोर काढलं. तवा तू तिकडं खिडकीशी बसून दुसऱ्याचं काढत होतास."

मी पुन्हा हो म्हणालो. त्यांनी टेबलावरच्या रुमालाकडे पाहिले आणि शिर्कीची पुढची गाडी किती वाजता आहे असे विचारले. मी अकरा म्हणालो.

आमचे वाहतूक नियंत्रक सुशील साहेब माझ्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतात. गाड्यांच्या नोंदी करता करता ते सर्व ऐकत होते. ते म्हणाले, "बाई, साचा एक, कारखाना एक, उंची एक. देव शेवटी एकच असतो. हाच घेऊन जा, त्यांचा त्यांना राहू द्या."

"असं म्हंता? मग ह्यो तुमी न्या घरी, नि तुमचा द्या मना."

सुशील साहेबांनी थोडा वेळ पेन झटकले. "प्रणित," ते मला म्हणाले, "मितेशला फोन लाव."

मितेश रोहा गाडीवर वाहक होता. गाडी नागोठण्याच्या अलीकडे होती. मी विचारले, लाल रुमालाची मूर्ती घेऊन एक आजोबा बसले आहेत का.

"पहिल्या सीटवर. देव खिडकीशी, आजोबा बाजूला. देवाला खिडकी पाहिजे म्हणाले."

"त्यांना फोन दे."

पलीकडे कुजबूज झाली. "अरे, मघापासून माझ्याशी चांगले गप्पा मारत होते. पेणहून फोन आहे म्हटल्यावर ऐकू येईनासं झालं."

"गाडीच्या आवाजात नसेल येत," मी म्हणालो.

"गाडी उभी आहे. फाटक पडलंय."

मी फोन ठेवला. सगुणाबाई खिडकीच्या कट्ट्याला कोपर टेकून उभ्या होत्या. सुशील साहेबांनी त्यांच्यासाठी चहा मागवला. तो आला तसा परत गेला, कारण हरतालिका होती आणि त्या पाणीसुद्धा घेत नव्हत्या. त्या बाकावर बसायला तयार नव्हत्या. दुसऱ्याचा का असेना, देव टेबलावर एकटा कसा सोडायचा, असे त्यांचे म्हणणे होते. टोपी त्यांनी काढली नव्हती.

"उद्या बाराच्या आत बसवायचा," त्या म्हणाल्या. "आमचं हे दारातल्या खाटेवर बसून रस्त्याकडं बघत असतील. आज वेल झाला तर बोलतील, देव आनायला पाठवली नि हरवून आली. त्यांचा पाय मोडलाय, तोंड नाय."

मी म्हणालो की मूर्ती परत येईल.

"ते खरं. पर आनेल कोन? देव काय एकटाच येल गाडीत बसून?"

साडेआठनंतर मी रोह्याच्या चौकशी खिडकीला फोन लावला. तेथे प्रतिक्षा असते. मी तिला कधी पाहिलेले नाही. आमचे संभाषण दिवसातून चार-पाच वेळा होते आणि तिचे प्रत्येक वाक्य 'आली' किंवा 'सुटली' या शब्दावर संपते. त्या दोन शब्दांत किती तऱ्हा असू शकतात हे मला दोन वर्षांत समजले आहे. पावसाळ्यातले 'आली' उन्हाळ्यातल्यापेक्षा मऊ असते. त्या दिवशी मी तिच्याशी प्रथमच सात-आठ सलग वाक्ये बोललो. तिने मध्ये काहीही विचारले नाही. शेवटी म्हणाली, "गाडी आली. थांबा."

फोन तिने ठेवला नाही. रोह्याच्या स्थानकाचा आवाज मला ऐकू येत राहिला: कुणाचे तरी मूल, कुणाची तरी शिट्टी, आणि मग ध्वनिक्षेपकावरून तिचा आवाज, जो फोनवर असतो त्याहून मोठा आणि थोडा परका होता. "अष्टमीचे केरू धनावडे यांनी मूर्तीसह चौकशी खिडकीकडे यावे." ही उद्घोषणा तिने तीनदा केली. मला तिच्या शब्दरचनेचे कौतुक वाटले.

सात मिनिटांनी ती परत आली. "आजोबा म्हणतात, त्यांचीच आहे."

"पाटाच्या मागची चिठ्ठी वाच. जगन पाटील, शिर्की असं असेल."

"चिठ्ठी नाहीये."

"पडली असेल. हवा दमट आहे."

"पडलेली नाहीये," प्रतिक्षा म्हणाली. "खरवडलीय. नखाचे ओरखडे दिसतायत, आणि खाली निम्मा 'ज' शिल्लक आहे."

खिडकीच्या गजांच्या सावल्या आता टेबलाच्या कडेपर्यंत आल्या होत्या. बाहेर सगुणाबाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, म्हणून मी चेहरा वेळापत्रकाकडे वळवला.

"मी त्यांना सांगितलं," प्रतिक्षा पुढे म्हणाली, "की शिर्कीची एक बाई उपाशीपोटी पेणला उभी आहे. तेव्हा त्यांनी देव पुन्हा उचलून घेतला. नंतर म्हणाले, परत घेऊन जातो. वाहकाजवळ देणार नाही म्हणाले, देव एकट्याने पाठवायचा नसतो. नऊच्या गाडीत बसवलंय."

"आभारी आहे."

ती थोडी थांबली. बहुधा माझ्याकडून आणखी एखादे वाक्य येईल असे तिला वाटले असावे. मलाही तसे वाटले होते.

"सुटली," ती म्हणाली.

केरू धनावडे सव्वादहाच्या सुमारास पेणला उतरले. मूर्ती त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती आणि पायरी उतरताना मितेशने त्यांच्या कोपराखाली हात दिला होता. ते सरळ टेबलाकडे आले. सगुणाबाईंची मूर्ती त्यांनी चादरीवर ठेवली, नमस्कार केला आणि मग मागे सरकले.

"घे बाय तुझा देव. एक ओरखडाबी नाय."

"चिठ्ठी कुठं हाय त्याची?"

"पडली."

"नखानं पडली?"

केरू आजोबांनी टोपी काढली, डोके खाजवले आणि पुन्हा घातली. मला वाटत होते की त्यांनी चूक झाली एवढेच म्हणावे. वयाच्या पंचाहत्तरीनंतर एसटी तिकीट घेत नाही आणि त्यांच्याजवळ तसे कार्ड होते. त्या वयाच्या माणसाची नजर चुकते हे सर्वांनी मान्य केले असते. मी तसे म्हणालोसुद्धा. "अक्षर बारीक असतं, आजोबा. तुमच्या लक्षात आलं नसेल."

"अक्षर मला दिसतं, पोरा," ते म्हणाले. "डोळेबी दिसतात. तोच तर घोटाळा."

मग ते कट्ट्यावर टेकले आणि बोलू लागले. त्यांना मी कोण हे माहीत नव्हते.

"परवा कारखान्यात गेलो, देव बघितला. सखा बाजारात गेला होता. आता देवाला नावं ठेवायची नसतात, व्हय ना? कारखानदाराला म्हणावं तर तो नव्हता, नि देवाला म्हणावं तर तोंडातनं शब्द निघत नाय. गप घरी गेलो. पण झोप नाय. एका डोळ्यानं जागा हाय नि दुसऱ्यानं पेंगतोय. आमच्याकडं पाच दिवस असतो तो. पाच दिवस आरती करायची नि समोर देव पेंगतोय. म्हातारी म्हणेल, तुम्हीच काय कमी होता घरात."

सुशील साहेब हसले आणि लगेच नोंदवहीकडे वळले.

"सकाळी गाडीत ही बाय माझ्या बाजूला. वाऱ्यानं हिच्या देवाचा रुमाल जरासा सरकला. काय डोळं होतं! सरळ बघत होता माझ्याकडं. म्हणाला असंल, केरू, कुठं चाललास? मग हितं उतरलो तर दोन्ही देव बाजूबाजूला. हात आपसूक गेला. देवानंच नेला म्हणा."

"देवावर ढकलू नका," सुशील साहेब म्हणाले.

"नाय ढकलत. चिठ्ठी मीच काढली, गाडीत. देवानं नाय."

सगुणाबाईंनी आपल्या मूर्तीच्या पाटाला हात लावला, खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. त्या रागावतील असे मला वाटले होते. त्या म्हणाल्या, "आजोबा, मना सांगितलं असतंत तर मी दिला नसता. पर शिव्याबी दिल्या नसत्या."

"म्हणूनच नाय सांगितलं," केरू आजोबा म्हणाले.

अजूनही मला वाटत होते की हा एका म्हाताऱ्याच्या आवडीनिवडीचा प्रश्न आहे. डोळे ज्याच्या-त्याच्या नजरेला वेगळे भासतात. उजेडाचाही परिणाम असतो. कारखान्यात पत्र्याखाली उजेड एका बाजूने येतो. मी हे विचार व्यवस्थित क्रमाने मांडले, आणि ते मांडत असताना माझा हात खणाच्या कडीवर होता हे माझ्या लक्षात आले. मी तो काढून घेतला.

"सखाला बोलवा," केरू आजोबा म्हणाले. "माझा देव मी नेईन. पण त्याला एकदा जागा करा म्हणावं."

फोन सुशील साहेबांनी केला. मी त्या वेळी पनवेलच्या गाडीची उद्घोषणा करत होतो. ती मी चारदा केली.

अकराच्या शिर्की गाडीत सगुणाबाई चढल्या. चालकाने देवासाठी आपल्या मागची जागा मोकळी करून घेतली होती. त्यांचे अर्धे तिकीट वाहकाने आधीच काढून ठेवले होते. पायरीवर पाय ठेवण्याआधी त्या मूर्ती सांभाळत खिडकीशी परत आल्या. मला वाटले, त्या आभार मानणार.

"बाला," त्या हळू म्हणाल्या, "त्या दिवशी तू दुसरा डोला काढलास नि लगेच ब्रश धुतलास. आण्णा कवा धुवत नाय लगेच. तो आधी उठून लांब जातो, दारापर्यंत, नि तितून बघतो. मग धुतो."

मी म्हणालो की गाडी सुटते आहे. ती खरोखरच सुटत होती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी आण्णा जोहे गाडीतून उतरले. त्यांच्या हातात औषधाच्या गोळ्यांचा एक जुना डबा होता, त्यात अंगाचा रंग, काळा, पांढरा आणि दोन ब्रश. त्यांनी केरू आजोबांना नमस्कार केला. आजोबा काही सांगू लागले तेव्हा आण्णा म्हणाले, "बोलू नका. सकाळी न्यायला आलात तवा बोलायचं होतं. आता मी बोलतो त्याच्याशी." ते मूर्तीविषयी म्हणाले की माझ्याविषयी, हे केरू आजोबांना समजले नाही.

रुमाल चारचौघांत उचलता येत नव्हता. स्थानकात दार लागणारी खोली एकच आहे, लहान मुलांच्या आयांसाठी असलेली हिरकणी कक्षाची. ती रिकामी होती. सुशील साहेबांनी किल्ली दिली आणि माझ्या जागी ते स्वतः ध्वनिक्षेपकापाशी बसले. केरू आजोबा दाराबाहेर खुर्ची टाकून, कुणी आत येऊ नये म्हणून, पाय पसरून बसले.

आत एक बाक होता, भिंतीवर एका आईचे आणि बाळाचे चित्र होते, आणि वर एक झरोका. झरोक्यातून येणारा उजेड आता कुठल्याही काचेवरून आलेला नव्हता. तो सरळ वरून येत होता आणि बाकाच्या मध्यभागी पडत होता. आण्णांनी मूर्ती त्या उजेडात ठेवली आणि रुमाल उचलला.

ते मूर्तीपासून वीतभर अंतरावर तोंड नेऊन पाहत राहिले. मग दारापर्यंत मागे गेले आणि तेथून पाहिले. मग परत आले.

"मला धुकं दिसतं," ते म्हणाले. "माझं मी काढतो ते हातानं काढतो, त्याला नजर लागत नाय. पण दुसऱ्याचं तपासायला लागते. त्या दिवशीबी मला धुकंच दिसलं होतं. मला वाटलं, तुला दिसत असंल, चुकला असता तर तू बोलला असतास."

बाहेर सुशील साहेबांनी अलिबागची गाडी तिसऱ्या फलाटावर असल्याचे सांगितले. ती चौथ्यावर होती.

आण्णांनी झाकणात अंगाचा रंग घोटला, बारीक ब्रश त्यात बुडवला आणि ब्रशाचे टोक मूर्तीच्या तोंडापासून बोटभर अंतरावर आणून थांबवले. त्यांचा हात जराही हलत नव्हता.

"कुठला खाली हाय?"

मी मूर्तीकडे पाहिले. श्रावणातल्या त्या रविवारपासून आजपर्यंत मी तिच्याकडे पाहिले नव्हते.

"डावा," मी म्हणालो.

"किती?"

"तांदळाच्या दाण्याएवढा."

त्यांनी मान हलवली. रंग सुकू लागला होता, पण ब्रश त्यांनी टेकवला नाही.

"तुला कवा दिसला?"

केरू आजोबांनी बाहेर खुर्ची सरकवली. झरोक्यातला उजेड बाकावरून माझ्या हातांवर आला होता, आणि तेथेच थांबला होता.

"काढला तेव्हाच," मी म्हणालो. "ब्रश धुण्याआधी."